शंभर मीटर म्हणजे ब्याऐंशी ओळी

जानेवारीच्या शेवटी अमळनेर तालुक्यातल्या एका मोकळ्या शेतात एक माणूस तेरा फुटी रॉड घेऊन उभा असतो आणि शिशाचा गोळा लांब फेकत असतो. तो माणूस मी. सगळ्यात जवळचं पाणी म्हणजे आमची विहीर, तिच्यात बेडूक आहेत. बोरी नदीत त्या दिवसांत बघायला वाळूच जास्त. समुद्र गाठायचा तर रात्रभराचा प्रवास.

सालदाराने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो बांधावर बराच वेळ नुसता उभा राहिला. मग जवळ येऊन म्हणाला, "आप्पा, आठे पानी नही, काही नही, आन् तुम्ही गय टाकी राह्यनात?"

अहिराणीत गळाचा गय होतो. मी त्याला म्हटलं, मासे नाही धरत रे, अंतर मोजतोय. हे उत्तर त्याला कोरड्यात गळ टाकण्यापेक्षा वाईट वाटलं असावं. तो मान हलवून मोटार बंद करायला निघून गेला.

पण खरंच अंतरच मोजत होतो. त्यासाठी कपाशीच्या शेतासारखी जागा नाही. आमची लागवड चार फुटी ओळीची. गुलाबी बोंडअळीच्या भीतीने फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा पीक घेणं, केव्हाच सोडलं, त्यामुळे जानेवारीत पऱ्हाट्या उपटल्या जातात आणि मागे राहतात त्या सरळ आखलेल्या ओळींच्या खुणा. रोटाव्हेटर फिरेपर्यंतचे दहा-पंधरा दिवस माझे. आडव्या ओळींवरून शिसं फेकायचं, चालत जायचं, ओळी मोजायच्या. ब्याऐंशी ओळी झाल्या की शंभर मीटर. टेप नको, कुणाची साक्ष नको.

हे वेड लागलं गुहागरला. बँकेने तीन वर्षांसाठी तिकडे बदली केली तेव्हा मला खाडी आणि समुद्र यातला फरक सांगता आला नसता. संध्याकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर यायचं आणि सहा किलोमीटर लांबीच्या त्या वाळूवर फिरायचं, एवढाच विरंगुळा. तिथे एक निवृत्त शिक्षक गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला यायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या शेजारी उभा राहता राहता एक दिवस रॉड माझ्या हातात आला.

किनाऱ्यावर मला सगळ्यात आधी कळलं ते हे, की तिथे प्रत्येक जण दीडशे मीटर फेकतो. विचारा कुणालाही. शिसं हवेत जातं, लांब कुठे तरी बारीक पांढरं पाणी उडतं, आणि फेकणारा म्हणतो, "दीडशे गेलं." समुद्रावर ओळी नसतात. मीही म्हणायचो. कंपनीच्या जाहिरातीत लिहिलेलं, दुकानदाराने सांगितलेलं आणि आपल्याला वाटलेलं अशी तीन अंतरं असतात, आणि त्या तिन्हींत सापडत नाही असं चौथं अंतर शिशाचं असतं. ते मला गावी परत आल्यावर आमच्या काळ्या मातीत दिसलं.

माझा पहिला रॉड टेलिस्कोपिक होता. एकात एक सरकणारा, पूर्ण उघडला की चौदा फूट. ऑनलाइन घेतलेला. त्यावर १०० ते २५० ग्रॅम असं छापलेलं. मला वाटलं, जितका जास्त आकडा तितका जोरकस रॉड, आणि जितका जोरकस तितका लांब. घेताना आपण बैल बघतो तसं बघितलं, खांदा केवढा आहे. पण बैल ओढतो. रॉडला ओढायचं नसतं, वाकायचं असतं.

ही गोष्ट मी पैसे घालवून शिकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. त्या आकड्याचा अर्थ असा की इतक्या वजनाला हा रॉड नीट वाकतो. शिसं आणि माशासाठी हुकाला लावलेला चारा मिळून ते वजन धरायचं. फेकताना शिसं मागे राहतं, आपण रॉड पुढे ओढतो, त्या ओढीने रॉड धनुष्यासारखा वाकतो आणि मग सरळ होताना शिशाला हाकलतो. मी १२५ ग्रॅमचं शिसं लावायचो. अडीचशे ग्रॅमला बनवलेला जाड बांबू माझ्यासारख्या पाच फूट पाच इंच उंचीच्या, खुर्चीवर बसून पोट सुटलेल्या माणसाच्या हातात वाकायचाच नाही. म्हणजे मी काठीने दगड टोलवत होतो. शेतात मोजलं तेव्हा अठ्ठावन्न ओळी. सत्तर मीटर. आणि ह्याच रॉडने मी गुहागरला तीन वर्षं "दीडशे" फेकत होतो.

त्या रॉडची वाळूने आणखी एक खोड दाखवली. सरकत्या जोडांत वाळूचा कण गेला की जोड अडकतो. एकदा तो घट्ट बसला की दोन माणसांनी ओढूनही सुटत नाही, आणि बळ लावलं तर नळी तडकते. माझी तशीच तडकली. किनाऱ्यावरून फेकायला टेलिस्कोपिक रॉड घ्यावा का, असं मला कुणी विचारलं तर मी नाही म्हणतो. प्रवासाला सोयीचा आहे हे खरं. छत्रीही सोयीची असते.

दुसरा रॉड घेताना मी एवढं शिकलो होतो की आधी स्वतःकडे बघायचं. तेरा फूट, तीन तुकड्यांचा, कार्बनचा, ८० ते १५० ग्रॅम. तीन तुकड्यांचा म्हणजे मोडून ठेवला की साडेचार फुटांच्या आत, रेल्वेच्या बर्थखाली जातो. लांबी हवी ती दोन कारणांसाठी: शिसं जास्त मोठ्या वर्तुळात फिरतं, आणि फेकून झाल्यावर रॉड उभा केला की दोरी किनाऱ्याजवळ फुटणाऱ्या लाटांच्या वर राहते. पण लांबीलाही अंगाचं माप आहे. रॉडचं बूड छातीशी धरून दुसरा हात सहज लांब केला की तो जिथे पोचतो तिथे रीळ बसायला हवं. बुटक्या माणसाने उंच माणसाचा रॉड घेतला की दोन हातांतलं अंतर जास्त होतं आणि खालचा हात ओढायला जागाच उरत नाही. दुकानात हे कुणी बघत नाही. सगळे रिळाचं हँडल फिरवून बघतात, चारदा कर्र कर्र करतात आणि पैसे देतात.

कार्बनवर २४ टन, ३० टन, ४० टन असे आकडे लिहिलेले असतात. लोक ते ताकदीचे समजतात. ते धाग्याच्या ताठपणाचे आकडे आहेत. टन वाढले की रॉड हलका आणि चपळ होतो, पण खडकावर आपटला तर तडकण्याची भीतीही वाढते. नवशिक्याला मधला बरा. फायबर ग्लासचा जड असतो, आळशी असतो, पण गुरांनी तुडवला तरी उठून बसतो. मुलांना शिकवायला तोच द्यावा.

कार्बनची एक गोष्ट खानदेशात मोठ्याने सांगायला हवी. कार्बनमधून वीज वाहते. आमच्या शेताच्या कोपऱ्यावरून मोटारीची लाइन गेली आहे, उन्हाळ्यात ती ताण सोडून आणखी खाली येते. तेरा फुटी रॉड डोक्यावरून मागे नेला की टोक किती उंचीवर जातं याचा विचार करा. मी त्या कोपऱ्याकडे पाठ करूनसुद्धा उभा राहत नाही. ढग गडगडले तर समुद्रावरही रॉड आडवा ठेवून निघायचं.

आता कापसाची गोष्ट. रॉडवर ज्या कड्यांतून दोरी जाते त्यांना गाईड म्हणतात. आत गुळगुळीत चिनी मातीसारखी कडी असते. ती आपटून चिरली तर चीर डोळ्याला दिसत नाही, पण दोरीला दिसते. प्रत्येक फेकीला ती दोरी तासते आणि भलत्या वेळी दोरी तुटते. मास्तर ह्यासाठी औषधाच्या दुकानातला कापूस वापरायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आलं, कारण आमच्या घरात त्या वेळी वीस क्विंटल पडला होता आणि भाव मिळत नव्हता. बोंडातून काढलेला कापसाचा पुंजका बोटांत सैल पिळायचा आणि एकेका कडीतून फिरवत ओढायचा. कडी चांगली असेल तर तो नुसता सरकून जातो. चीर असेल तिथे एक तंतू अडकतो. फक्त एक. कडीला लागून तो उन्हात पांढरा थरथरत राहतो. जुना रॉड कुणी विकायला काढला की मी खिशातून कापूस काढतो. एकदा नवाकोरा रॉड असाच परत केला, दुकानदाराला शेवटपर्यंत कळलं नाही मी काय करतोय.

रॉडचा वाक बघायचीही अशीच घरगुती रीत आहे. टोकाला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली बांधायची, म्हणजे किलोभर वजन झालं, आणि बूड तिरकं धरून हळू उचलायचं. नुसतं शेंड्याचं टोक मोडल्यासारखं खाली पडत असेल आणि खालचा भाग हलतच नसेल, तर तो रॉड जोरदार, सवयीच्या हाताला ठीक. वाक अर्ध्या रॉडपर्यंत उतरत असेल तर माझ्यासारख्याला ठीक. माझ्या नव्या रॉडने त्याच शिशाला, त्याच रिळावर शहात्तर ओळी दिल्या. काल अठ्ठावन्न, आज शहात्तर. हातात जोर काही रात्रीतून वाढला नव्हता.

रिळाकडे यायला मी उशीर केला, कारण मला वाटायचं रीळ हे दोरी गुंडाळायचं यंत्र आहे. लांब फेकीत ते दोरी सोडायचं यंत्र असतं. माझं रीळ ४००० नंबरचं, छोटं. त्याच्या अरुंद स्पूलवरून, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या फिरकीवरून, दोरी निघता निघता थर खाली जातो, मग प्रत्येक वेढा काठावर घासत वर चढतो. शिसं पुढे पळतंय आणि मागून कुणीतरी धोतर धरल्यासारखी दोरी ओढते. लांब फेकीच्या रिळाचं स्पूल रुंद असतं, व्यास सात सेंटिमीटरच्या पुढे, लांबट आणि पुढे किंचित निमुळतं. दोरी त्यावर संथ, एकमेकींशेजारी बसते. तोच रॉड, तेच शिसं, फक्त रीळ बदललं तर शहाऐंशी ओळी. दहा ओळी म्हणजे बारा मीटर, हे मी उगाच मोठं करून सांगत नाही, दहा-दहा फेकींची सरासरी आहे.

मात्र स्पूल किती भरायचं याला हात हवा. काठापासून दीड-दोन मिलिमीटर खाली. कमी भरलं तर घासतं, काठोकाठ भरलं तर चार वेढे एकदम सुटतात आणि पहिल्या गाईडपाशी गाठोडं होतं. दोरी जितकी बारीक तितकं लांब. मी ०.३० मिलिमीटरचं नायलॉन वापरतो, ज्याला आपल्याकडे तंगूस म्हणतात. वेणीची दोरी, म्हणजे ब्रेड, त्याहून बारीक आणि मजबूत, ताणत नाही, लांबवर माशाने तोंड लावलं तरी बोटाला कळतं. पण बोट कापते. चामड्याचा अंगुस्ताना नसेल तर ती वापरू नये. शेतात तर नाहीच. आमची काळी माती त्या महाग दोरीचा महिनाभरात धागा धागा करते.

मास्तरांकडे मल्टिप्लायर होतं, आडव्या ढोलाचं. त्यात ढोल स्वतः फिरतो आणि अंगठ्याने त्याला आवरायचं. ते एकदा मागून आणलं. ढोल दोरीपेक्षा जास्त वेगाने फिरला की आतल्या आत सुगरणीचं घरटं होतं. पहिल्या दिवशी तीन घरटी विणली, दोन तास सोडवत बसलो, अंगठ्याला फोड. परत दिलं.

बारीक दोरीमुळे माझ्या हातून जे झालं ते सांगितलंच पाहिजे. शेतातच आहोत, मासा थोडाच लागणार, म्हणून मी मुख्य दोरीलाच शिसं बांधलं होतं. फेकीच्या ऐन झटक्याला दोरी तुटली. शिसं दिसलंच नाही, फक्त शीळ ऐकू आली. शेजारच्या हरभऱ्यात, जिथे दोन बाया निंदत होत्या, तिथून दहा-पंधरा हातांवर ढेकूळ उडालं. सव्वाशे ग्रॅमचा गोळा शंभर मीटरवर पोचायचा तर ताशी १२० किलोमीटरच्या वर वेगाने निघावा लागतो, हा हिशेब मी त्या रात्री केला आणि झोप लागली नाही. म्हणून पुढे जाड दोरी जोडतात, तिला शॉक लीडर म्हणतात. दर औंस शिशाला दहा पौंड ताकद, असा जुना नियम आहे. १२५ ग्रॅम म्हणजे साडेचार औंस, म्हणजे पंचेचाळीस-पन्नास पौंडांचं, ०.६० मिलिमीटर किंवा थोडं जाड नायलॉन. लांबी इतकी की शिसं लोंबकळत असताना ती पूर्ण रॉडभर येऊन स्पूलवर पाच-सहा वेढे बसावेत. रॉड, रीळ हजारोंचं घेणारी माणसं ही आठ-नऊ मीटर दोरी वाचवतात. मीही वाचवली होती. शेजाऱ्याला दुसऱ्या दिवशी जाऊन सगळं सांगितलं. तो बोलला ते इथे लिहीत नाही.

दोन वर्षांनी रजा काढून कल्याण, पनवेल करत चिपळूणला उतरलो, तिथून गुहागर. शहाऐंशी ओळींचा माणूस होतो मी आता. हुकाला चारा लावला, मऊ वाळूत पाय रोवले, समोरून वारा. फेकलं आणि परत गुंडाळताना हँडलचे फेरे मोजले. माझं रीळ एका फेऱ्याला नव्वद सेंटिमीटर दोरी ओढतं. ब्याऐंशी फेरे. म्हणजे चौऱ्याहत्तर मीटर. पुन्हा फेकलं, तेवढंच. शेजारी एक तरुण उभा होता, त्याच्या ब्रेडचा रंग दर दहा मीटरला बदलणारा. "दीडशे ना?" मी विचारलं. "आरामात," तो म्हणाला. परत ओढताना मी त्याच्या दोरीचे रंग मोजले. आठवा रंग अर्धा होता. मी गप्प बसलो.

मास्तर लांबून बघत होते. त्यांनी दोन वाक्यांत निकाल दिला. "साहेब, तुम्ही शेतात शिसं फेकता, इथे जेवणाचा डबा फेकताय. आणि मुडदुशी तर अलीकडच्या खळग्यात आहे." ते स्वतः तीस मीटरवर टाकून एकामागून एक काढत होते. लांब जायचं ते ओहोटीला, पाणी उथळ झाल्यावर, पुढच्या वाळूच्या पट्ट्यापलीकडचे शिंगाळा नाहीतर पाकट असे मासे हवे असतील तेव्हा.

डब्याची गोष्ट मात्र मनात राहिली. पुढच्या जानेवारीत मी हुकाला भेंडी लावली. बोटभर लांबीची, कोवळी. कोळंबीसारखीच वाऱ्याला अडते. मोकळी लोंबकळणारी भेंडी लावून सत्तावन्न ओळी. मग तीच भेंडी शिशाच्या वर बेट क्लिपमध्ये अडकवून, दोरीला चिकटवून फेकली. उडताना चारा शिशाच्या आडोशाला राहतो आणि पाण्यावर आपटला की सुटतो. अडुसष्ट ओळी. अकरा ओळींचा फरक, आणि ती क्लिप चहाच्या पैशांत येते. घरी परत येताना सौ. म्हणाल्या, "अहो, भाजीला आणलेल्या भेंड्या होत्या त्या."

राहिला सालदार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचं साल संपणार होतं, पुढचं ठरायचं होतं, म्हणून तो थोडा जास्त मोकळा बोलायचा. एका संध्याकाळी माझ्या वीसेक फेकी बघून म्हणाला, "आप्पा, तुम्ही झटका मारतस. गोफन झटकावर नही जास."

दादर ज्वारी निसवली की हा माणूस माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरं उठवतो. मी त्याला कित्येक वर्षं बघत आलो होतो, पण कधी नीट पाहिलं नव्हतं. त्याने रॉड हातात घेतला, तोलला, बूड बरगडीशी टेकवलं. मी अंगुस्ताना दिला, दोरी बोटावर कशी धरायची, कधी सोडायची ते दाखवलं. पहिली फेक त्याच्या पायाशी पडली, दुसरी बांधाकडे गेली. मग त्याने चप्पल काढली. शिसं मागे जमिनीवर ठेवून तो सावकाश वळला, इतका सावकाश की मला वाटलं चुकला, आणि रॉड हळूहळू बुडापर्यंत वाकत गेला, माझ्या हातात तो इतका कधी वाकला नव्हता. शेवटच्या हातभर अंतरात काय झालं ते दिसलं नाही. दोरी स्पूलवरून बराच वेळ निघत राहिली.

माझी आजवरची सगळ्यात लांब फेक अठ्ठ्याऐंशी ओळींची. आम्ही दोघं चालत गेलो, तो मोजत होता, मी मनात मोजत होतो. शिसं नव्वदाव्या ओळीवर अर्धं मातीत रुतलेलं.

"वारा पाठीमागून होता," मी म्हटलं.

तो काही बोलला नाही. शिसं उपसून बंडीला पुसलं, माझ्या हातात दिलं, आणि परत जाताना पुन्हा पहिल्या ओळीपर्यंत मोजत गेला.